सासूबाईंना सोडून सगळे

पांझरेच्या काठावर मी शिव्या द्यायला शिकले, आणि त्यालाच जगात स्टँडअप कॉमेडी म्हणतात हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी बहारीनमध्ये कळलं. तोवर मी फुकटच बोलत होते.

आमचं गाव धुळ्याजवळ. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि गावातल्या पोरी मिळून गौराई बुडवायला नदीवर जायच्या. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी. मध्ये पांझरा, उन्हाळ्यातली, घोट्याएवढ्या पाण्याची. आणि मग जे सुरू व्हायचं, माय! इकडून एक, तिकडून दोन. कुणाचं नाक, कुणाचा नवरा, कुणाच्या सासूचा चिकटपणा, कुणाच्या घरचं पाणचट वरण. सगळं नाव घेऊन, खड्या आवाजात. रुसायचं नाही, हा नियम. आणि कुणाला सोडायचं नाही, हा त्याहून मोठा नियम. जिचं नाव कुणीच घेतलं नाही ती पोरगी घरी जाऊन हमसून हमसून रडायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. शिव्या खाल्लेल्या मात्र खिदळत परतायच्या. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा पलीकडच्या सरपंचाच्या बायकोला असं काही बोलले, की तिने दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबाभर सांजोऱ्या पाठवल्या होत्या.

पुढे लग्न होऊन मी बोदवडला गेले, जळगाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथून ललितच्या नोकरीपायी बहारीनला. बहारीन म्हणजे समुद्रातला एवढासा तुकडा. सकाळी गाडी काढली तर जेवणाच्या आत सगळं बेट बघून होतं, मग जेवून करायचं काय हा प्रश्न. ललित एका कारखान्यात यंत्रं सांभाळतो. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर सुजलेले गाल बघायचे आणि गोड बोलायचं. गोड बोलून बोलून माझीच दाढ दुखायला लागली होती, खरं सांगते.

आमच्या इमारतीत पुनम राहते. पाचोऱ्याची. तिला कुठल्या गोष्टीचा पत्ता लागत नाही असं नाही. तिनेच शोधून काढलं, की अदलिया भागातल्या एका कॅफेत दर गुरुवारी संध्याकाळी ओपन माइक असतो. म्हणजे कुणीही उठावं, माइक हातात घ्यावा आणि लोकांना हसवावं. मला ओढतच घेऊन गेली. केरळचा एक पोरगा, फिलिपिन्सची एक नर्स, आयर्लंडचे एक मास्तर, सगळे आपापला मुलूख सोडून आलेले आणि सगळ्यांची रड एकच: व्हिसा, बॉस आणि एसी. पुनमला हसून हसून ठसका लागला.

"यात काय एवढं?" मी म्हटलं. "आमच्या काठावरच्या शेंबड्या पोरीसुद्धा याहून बरं बोलतात."

"असं? मग तूच बोल की," म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारसाठी माझं नाव देऊन मोकळी झाली.

पुढच्या गुरुवारी मी उभी राहिले आणि सपशेल आपटले. त्या पोरांसारखंच करायला गेले ना! अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश, विमानातलं जेवण, नवऱ्याचं घोरणं. आरशासमोर पाठ केलेलं. मागच्या टेबलावर एकजण खोकला, तेवढाच काय तो प्रतिसाद. परतताना गाडीत पुनमचं तोंड सुरू होतं.

"त्या पोरांची नक्कल करायला तुला कुणी सांगितलं होतं? मंडईत मी महागाची भेंडी घेतली की मला कशी बोलतेस? तसं बोल ना."

"ते तुला बोलते. तू ओळखीची आहेस."

"मग ओळखीच्यांसमोर बोल!"

हे मात्र डोक्यात बसलं. इथे आम्हा खान्देशी लोकांचा एक गट आहे. धुळे, शिरपूर, भुसावळ, चाळीसगाव, जामनेर, सगळीकडची घरं. अध्यक्ष अभिमन भाऊ, शिरपूरचे. वर्षातून चार-पाचदा हॉल घेऊन जमतो, भरीत-पुरी खातो, मुलं नाचतात, कुणीतरी आपल्या मातीवर भाषण ठोकतं आणि सगळे मोबाइल बघतात. मी अभिमन भाऊंना म्हटलं, तिळगुळाच्या कार्यक्रमात भाषणाऐवजी मला उभं करा. ते म्हणाले, "ताई, काहीबी करा, पन जेवण गार होऊ देऊ नका."

आता सासूबाईंचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे.

सुंदरबाई त्यांचं नाव. आदल्या वर्षी आमचे नाना, म्हणजे सासरे, गेले. त्यानंतर सासूबाई बोदवडच्या घरात एकट्याच राहात होत्या. दिवाळीच्या सुमारास न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत तशाच पडून होत्या. कंबर वाचली, पण ललितने हाय खाल्ली. गेला आणि त्यांना घेऊनच आला. वर्षभराचा व्हिसा काढला, तो वाढवायचीही सोय होती.

माझ्या लग्नात या बाईने माझ्या आईवर असं गाणं रचून म्हटलं होतं, की आई अजून आठवण काढून हसते. बोदवडात कुणाचंही लग्न असो, व्याही-विहिणींची टिंगल करणाऱ्या गाण्यांना सुंदरबाई पुढे हव्यातच. अशी तोंडाळ बाई, माझ्यासारखीच. म्हणूनच आमचं कधी फार जमलं नाही, एका घरात दोन तोंडं जास्त होतात. पण बहारीनला आल्या त्या वेगळ्याच. अकराव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसायच्या. हो, नको, बरं, एवढंच बोलायच्या. मी मुद्दाम भाजी खारट केली एकदा, काहीतरी बोलतील म्हणून. गुपचूप खाल्ली. मला धडकीच भरली.

तिळगुळाच्या दिवशी मी त्यांनाही घेऊन गेले. त्या फिक्या साडीत सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी म्हटलं पुढे या, तर मान हलवली.

आणि मग मी माइक घेतला आणि पांझरेच्या काठावर उभी असल्यासारखी सुटले. पहिलं नाव अभिमन भाऊंचंच घेतलं. भाऊ शिरपूरचे, बोलायला उठले की आधी पाणी पितात, मग चष्मा पुसतात, मग विसरतात. पुनमचं घेतलं, की हिला बाळंतपणात कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा ही रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करत होती. माझ्या नवऱ्याचं घेतलं, की याला कारखान्यातली एवढाली यंत्रं दुरुस्त करता येतात, घरातला मिक्सर मात्र "कंपनीकडे द्यावा लागेल". रांगेने घेतली सगळी. धुळेकरांना जळगावकरांवर सोडलं, जळगावकरांना धुळेकरांवर. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. जेवण खरंच गार झालं आणि कुणी कुरकुरलं नाही. खाली उतरले तर ज्यांना धुतलं होतं तेच पहिले येऊन पाठ थोपटत होते. मी ढगात होते नुसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सासूबाई ललितला म्हणाल्या, "मले बोदवडले पोचवून दे."

"का गं आई? काय झालं?"

"काही नाही. पापड-कुरडया कराच्या आहेत उन्हाळ्याच्या."

माघ महिन्यात उन्हाळ्याच्या कुरडया! आणि खाणार कोण, त्या रिकाम्या घरात?

ललित मला खोलीत घेऊन गेला. "आईला ते आवडलेलं नाही. बाईमाणसाने असं स्टेजवर उभं राहून लोकांची टर उडवायची..."

"तुमच्या आईने मांडवात उभं राहून अख्ख्या जिल्ह्याची टर उडवली आहे!"

"ते लग्नातलं वेगळं."

काय वेगळं ते त्यालाही सांगता येईना. पण दोघांनाही वाटलं हेच, की कारण माझी कॉमेडी. मला राग आला, रडूही आलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं असं सापडलं होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर ते न्हाणीघर, तो ओला दगड, आणि दूधवाल्याची वाट बघत पडलेली म्हातारी. एकदा निभावलं. प्रत्येक वेळी दूधवाला वेळेवर येतो का?

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मला इथल्या बेळगावकर मंडळींनी बोलावलं, मग नागपूरकरांनी. कुठेही गेले की आधी पुनमला तिथल्या माणसांची सगळी माहिती काढायला लावायची आणि मग नावं घेऊन सुटायचं. सासूबाईंचं मात्र एकच पालुपद, बोदवड. ललितने टाळून पाहिलं, समजावलं, डॉक्टरांकडून सांगवलं. शेवटी हरला बिचारा. तिकीट काढलं. आखाजीच्या आठवड्यात शुक्रवारी आमच्या गटाचा कार्यक्रम होता, आणि रविवारी सकाळचं विमान.

गुरुवारी मी दवाखान्यातून आले तेव्हा त्या बॅग भरत होत्या. खजुराची पाकिटं, वेदना पळवणारं मलम, दूध पावडरीचे डबे, गल्फहून जाणाऱ्या माणसाने न्यायचं सगळं बरोबर रचलेलं. मी पर्स टेबलावर फेकली आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले. मनाशी ठरवूनच आले होते.

"आई, उद्याच्या कार्यक्रमात मी बोलत नाही. उद्याच काय, यापुढे कुठेच नाही. पण तुम्ही जाऊ नका."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. "कायले?"

"तुम्हाला आवडत नाही ना, म्हणून."

"मले आवडत नाही? कोन म्हने?" आवाज असा चढला, की मी दचकलेच. किती महिन्यांनी ऐकला तो आवाज! "मी तठी मागच्या खुर्चीवर बसून वाट पाह्यत व्हती. अभिमनचं नाव आलं. पुनमचं आलं. माह्या पोराचं आलं. मले वाटे, आता माह्यं येईन, आता माह्यं येईन. आन् तू राम राम करून खाली उतरली!"

"तुमचं कसं घेणार, आई? तुम्ही मोठ्या, त्यात नाना नुकतेच..."

"हां! नाना नुकतेच." त्या पलंगावर टेकल्या. आणि मग खालच्या आवाजात त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, ललितलाही माहीत नव्हतं. नाना गेल्यावर त्यांच्या भाच्याचं, जितेंद्रचं लग्न झालं. मांडवात बायका गाणी म्हणायला बसल्या. तेच गाणं, जे सुंदरबाईंनी उभं आयुष्य म्हटलं. रांगेने एकेकीचं नाव घेऊन टिंगल करायची. जावेचं नाव आलं, नणंदेचं आलं, शेजारणीचं आलं. "माह्या जाग्यावर गाणं आलं, आन् गपकन पुढं गेलं. मले सोडून पुढच्या बाईवर. कोन्ही वाईट नाही त्या, माह्याच हाताखाली शिकलेल्या. पन इधवेचं नाव घेत नाही ना कोन्ही गाण्यात. मी वाढायले उठून गेली. मले वाटे, बोदवडात तसं ऱ्हाते, तुमच्या या बेटावर तरी कोन्हाले काय माहीत? आन् इथं तू भी तेच केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान राखायला म्हणून सोडलं होतं, थोडं घाबरूनही सोडलं होतं, पण पोचलं ते असं. जिचं नाव घेत नाहीत ती रडत घरी जाते हे मला फ्रॉकात असल्यापासून ठाऊक, आणि घरातल्याच बाईला मी वगळून आले! माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात केला. "ऱ्हाऊ दे. आता बॅग भरू दे मले."

शुक्रवारी हॉलकडे जाताना मी ललितला कानात सांगितलं, आज आईंचं नाव घेणार आहे.

"वेड लागलंय का तुला?" त्याने ब्रेकच दाबला. "नानांना जाऊन वर्ष होतंय फक्त. सगळे लोक काय म्हणतील? परवा जाणार आहे ती, नीट जाऊ दे तिला."

"गाडी चालवा तुम्ही. मागे हॉर्न वाजतोय."

मागच्या सीटवर सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

हॉल भरलेला होता. आमरसाचा वास सुटला होता. सासूबाई पुन्हा मागच्या रांगेत. त्या रांगेत सगळ्या तशाच बसल्या होत्या, लेकांकडे आलेल्या आया, फिक्या साड्यांतल्या, मांडीवर हात ठेवून. तिळगुळाला मला ती रांग दिसलीच नव्हती बघा. अभिमन भाऊंनी पाणी पिऊन, चष्मा पुसून माझं नाव पुकारलं आणि मी वर गेले. कॅफेत आपटले तेव्हाही एवढी घाबरले नव्हते.

"आज मी एकाच बाईवर बोलणार आहे," मी म्हटलं. "सुंदरबाई. मुक्काम पोस्ट बोदवड. माझी सासू."

लोक वळून मागे बघायला लागले. सासूबाईंनी पदर सावरला.

"या बाई पहिल्यांदा विमानतळावर उतरल्या, तेव्हा यांच्या पिशवीत कळण्याचं पीठ होतं, चांगलं पायलीभर. कस्टमच्या साहेबाने पिशवी उघडली. म्हणाला, ही पावडर कसली? तर या त्याला म्हणतात, 'भाकर कर आन् खाय. पन तवा चांगला तापू दे.' तो साहेब अजून तवा शोधतोय."

हसले. पण जपून हसले, मागे बघत बघत. मी थांबले नाही.

"आमच्या लिफ्टमध्ये एक बाई बोलते, दार बंद होतंय, अकरावा मजला आलाय. या तिला रोज उत्तर देतात. 'बरं माय.' खाली उतरताना, 'येते माय.' आमच्या घरात माझ्याशी दिवसाला तीन शब्द, आणि त्या लिफ्टशी गप्पा! खालचा मल्याळी दुकानदार यांना बघितलं की वांगी लपवतो. का, तर या एकेक वांगं उचलतात, थापट्या मारतात आणि म्हणतात, 'हे काय वांगं आहे? याच्यात नुसती हवा.' त्याला मराठी येत नाही. पण अपमान कळतो."

आता हॉल मोकळा होत होता. पुनम तर टाळ्याच वाजवत होती. सासूबाईंचा चेहरा मला एवढ्या लांबून दिसत नव्हता. मी एक मोठा श्वास घेतला.

"आणि आता या परत चालल्या आहेत. रविवारी. का? तर म्हणे पापड-कुरडया करायच्या आहेत. त्या घरात कुणी नाही. खाणार कोण? चिमण्या. बोदवडच्या चिमण्यांनी पत्र पाठवलंय का, की सुंदरबाई, या, आम्ही उपाशी आहोत? लोक सांगतात, आमचे नाना हृदयविकाराने गेले. मला विचारा. पंचेचाळीस वर्षं या बाईचं तोंड ऐकलं त्यांनी. ते वर गेले ते जरा निवांत झोपायला. आणि या त्यांना तिथूनही उठवायला निघाल्या!"

हॉल गप्प झाला. एकदम. पुढच्या रांगेत ललितने कपाळाला हात लावला. अभिमन भाऊंच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडापाशी थांबला. संपलं, म्हटलं. घरही गेलं आणि माइकही गेला.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ए धुळ्याची!"

सासूबाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला.

"वर उभी ऱ्हाऊन बोलते, खाली ऐकाची ताकद आहे का तुह्यात? लोकहो, ही कोठी नोकरी करते माहीत आहे का तुम्हाले? दातांच्या दवाखान्यात. कायले? हिच्या हातची भाकर खाऊन माणूस दात धरत तठीच जाते! घरून गिऱ्हाइक धाडते ही, डॉक्टर हिले पगार उगाच देते का?"

असा हशा उठला, की मला माइकमधूनही स्वतःचा आवाज ऐकू येईना. जळगावकडचे तर उभेच राहिले. मी काहीतरी उत्तर दिलं, काय ते आता आठवत नाही, पण त्यांनी ते हवेतच झेललं आणि परत फेकलं. माझं वरण काढलं, माझी झोप काढली, माझ्या माहेरची पांझरासुद्धा काढली, की "नदी कसली, बकरी धुवायले भी पाणी नाही." मी हरत होते आणि आनंदाने माझे डोळे भरून वाहात होते. भर हॉलमध्ये, माइक हातात धरून, मी नाक ओढत होते.

मग त्या थांबल्या. दम लागला होता.

"आन् एक आईक," त्या म्हणाल्या, जरा हळू. "नाना माह्या तोंडानं नाही गेले वं. माह्या तोंडासाठी टिकले ते. मी मांडवात गाणं म्हणाले बसली का ते मागच्या कनातीआड येऊन उभे ऱ्हायचे. लोकाले वाटे बिडी प्यायले गेले. ते माह्यं ऐकत ऱ्हायचे."

ललितने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलत होते.

तेवढ्यात त्याच रांगेतून, सासूबाईंच्या दोन खुर्च्या पलीकडून, एक बारीक आवाज आला.

"ओ ताई. मनं बी नाव ले ना."

बघते तर अभिमन भाऊंच्या आई. नानीबाई. या महिन्यातच शिरपूरहून आल्या होत्या, कुणाशी ओळख नाही, आल्यापासून त्यांचा शब्द ऐकला नव्हता कुणी. अशाच फिक्या साडीत.

"मी नानीबाई शे. अभिमननी माय. बठ्ठासले बोलतीस, मनं नाव लेवाले तुले लाज वाटस का?"

अभिमन भाऊ तोंड उघडं ठेवून आईकडे बघत होते. मी माइक तोंडापाशी नेला. पण सासूबाईंनी माझ्याकडे बघून हात वर केला.

"थांब सुलक्षणा. हिले मी घेते. तुह्याच्यानं नाही व्हायचं."

आणि नानीबाईंकडे वळून कमरेवर हात ठेवून त्यांनी जी सुरुवात केली! शिरपूरपासून धरलं, अभिमन भाऊंच्या चष्म्यावरून आल्या, नानीबाईंच्या एवढुशा आवाजाला मांजरीचं पिल्लू म्हणाल्या. नानीबाईही काही कमी नव्हत्या, पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी अहिराणीत असं सणसणीत उत्तर दिलं, की मागची सगळी रांग तोंडाला पदर लावून हलायला लागली. तिकडे एकीने आपलं नाव ओरडून सांगितलं, मग दुसरीने. मी स्टेजवरून खाली उतरले आणि ललितशेजारी जाऊन उभी राहिले. माझी गरजच नव्हती आता.

जेवायला या म्हणून स्वयंपाकाची माणसं हाका मारत होती. कुणी हलेना.

"आज एवढंच," सासूबाई शेवटी नानीबाईंना म्हणाल्या, घाम पुसत. "घसा बसला माह्या. पुढच्या शुक्रवारी ये माह्या घरी. तुह्यं बाकीचं तव्हा काढते."

ललितने चमकून माझ्याकडे पाहिलं. "अगं, पण रविवारचं विमान..."

"गप बसा," मी म्हटलं. "ऐकू द्या."